पळणारा सोडा, पळवणारा ओळखा

अभिनंदन. ऑफिसातल्या कुणीतरी तुम्हाला फँटसी फुटबॉलच्या लीगमध्ये ओढलं आहे, नाही म्हणायला तुम्ही लाजलात, आणि आता ऑगस्टअखेर ड्राफ्ट आहे. अटलांटाजवळ अल्फारेटात राहत असाल तर अशीच गत झालेले चार मराठी चेहरे शेजारीपाजारी सापडतील. पुण्यात बसून अमेरिकन टीमबरोबर काम करत असाल तर तुमच्याबद्दल सहानुभूती जरा जास्त. रविवारी दुपारी एकचे सामने तुमच्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात, आणि सोमवार रात्रीचा सामना मंगळवारी पहाटे पावणेसहाला. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की त्यात आणखी एक तास घाला.

खेळ सोपा आहे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधले खरे खेळाडू आळीपाळीने निवडून (हाच ड्राफ्ट) कागदावर आपल्या संघात घ्यायचे आणि ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात जमा करायचे. धावून दहा यार्ड गेला की एक गुण, टचडाउनला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की सहा, आणि बऱ्याच लीगमध्ये झेललेल्या प्रत्येक पासचा आणखी एक. ही कल्पना १९६२ साली ओकलंड रेडर्सचे एक भागीदार बिल विंकनबाख यांना दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या हॉटेलात सुचली. त्या मोसमात रेडर्स १४ पैकी १३ सामने हरले. अशा माणसाला खोटा संघ काढावासा वाटला, यात त्याचा काही दोष नाही.

तुमच्या संघाचा कणा म्हणजे रनिंग बॅक. पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडून चेंडू घ्यायचा आणि दीडदीडशे किलोच्या माणसांत मुसंडी मारायची, हे त्याचं काम. नवशिके त्याचा वेग पाहतात, मांड्या पाहतात. तुम्ही तसलं काही पाहायचं नाही. चेंडू त्याला द्यायचा की नाही, हे बाजूला हेडफोन लावून उभा असलेला एक मध्यमवयीन गृहस्थ ठरवतो. अभ्यास करायचा तो या गृहस्थाचा. पुढच्या पायऱ्या नीट पाळल्यात तर तुम्ही हरालच, पण का हरलात हे चारचौघांत तासभर सांगू शकाल. या छंदात याहून मोठं पद नाही.

१. आधी घराणं पाहा.

अमेरिकन फुटबॉलच्या कोचांची घराणी आहेत, आणि त्यांतलं शॅनाहन घराणं तुम्हाला तोंडपाठ हवं. थोरले माइक शॅनाहन १९९५ ते २००८ डेन्व्हर ब्रॉन्कोजचे हेड कोच होते. त्यांच्याकडे पुढची फळी सांभाळायला अॅलेक्स गिब्ज होते. समोरचा एकेक माणूस आडवा करत बसण्यापेक्षा सगळ्या फळीने मिळून एका दिशेला सरकायचं, हे त्यांचं तंत्र. मागून येणाऱ्या बॅकने फट दिसली की पाय रोवून एकदाच वळायचं आणि सुटायचं. एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत मिळालेला टेरेल डेव्हिस या तंत्रात १९९८ साली २,००८ यार्ड पळाला. पुढच्या वर्षी त्याचा गुडघा गेला, तर ओलँडिस गॅरी १,१५९ पळाला. गॅरी जायबंदी झाला, तर २००० मध्ये माइक अँडरसन नावाचा माजी मरीन सैनिक १,४८७. मग क्लिंटन पोर्टिस आला, लागोपाठ दोन वर्षं दीड हजारांच्या वर गेला आणि वॉशिंग्टनला रवाना झाला. २००४ मध्ये त्याच्या जागी रूबेन ड्राउन्स, १,२४०.

नियम आपोआप तयार झाला: शॅनाहनचा बॅक घ्या, नाव विचारू नका.

ड्राफ्टच्या दिवशी मात्र नाव सांगावं लागतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये शॅनाहनसाहेबांनी माइक बेल या पोराला पहिल्या क्रमांकावर नेमलं. खऱ्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीही घेतलेलं नव्हतं. फँटसीवाले त्याच्यावर तुटून पडले. मोसम संपला तेव्हा हजाराच्या वर गेला होता तो टेटम बेल. आडनाव बरोबर आलं होतं, एवढं समाधान त्या मंडळींकडून कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

धाकटे काइल शॅनाहन २०१७ पासून सॅन फ्रान्सिस्कोत वडिलांची परंपरा चालवतात. २०२१ मध्ये त्यांच्या संघाने तिसऱ्या फेरीत ट्रे सर्मन घेतला आणि सहाव्या फेरीत एलायजा मिचेल. अभ्यासू लोकांनी सर्मन निवडला, कारण तीन हा आकडा सहाच्या आधी येतो. पहिल्या रविवारी सर्मन धडधाकट असूनही साध्या कपड्यांत बाजूला उभा, आणि मिचेल १०४ यार्ड पळाला. डेव्हिसपासूनचा इतिहास नीट वाचला असतात तर सहावी फेरी हीच या घराण्याची खूण, हे तुमच्या ध्यानात आलं असतं. (आता आलं आहे, म्हणून पुढच्या वर्षी सहाव्या फेरीतला गडी घेऊ नका. ध्यानात आलेली गोष्ट पुन्हा घडत नाही.)

२. कोचचा जुना पराक्रम नव्या गावी न्या.

यासाठी आर्थर स्मिथ यांचं चरित्र उशाशी ठेवा. २०१९ आणि २०२० मध्ये ते टेनेसी टायटन्सच्या आक्रमणाची सूत्रं सांभाळत होते. २०२० मध्ये त्यांनी डेरिक हेन्रीच्या हातात ३७८ वेळा चेंडू दिला आणि हेन्री २,०२७ यार्ड पळाला. यावरून स्मिथ यांचा स्वभाव ठरला: एक बॅक धरायचा आणि त्यालाच पळवत राहायचं. मग ते अटलांटा फाल्कन्सचे हेड कोच झाले, आणि २०२३ मध्ये संघाने ड्राफ्टच्या आठव्या क्रमांकावर बिजान रॉबिन्सन घेतला. रनिंग बॅकवर इतका वरचा क्रमांक हल्ली क्वचितच कुणी खर्च करतो. हेन्रीला पळवणारा कोच, त्यात हेन्रीपेक्षा चपळ पोरगा. अल्फारेटात पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

पहिल्या सामन्यात दोन टचडाउन केले ते टायलर अॅल्जियरने. ऑक्टोबरात टँपा बेविरुद्ध तर सबंध सामन्यात बिजानला धावायला चेंडू मिळाला एकदा. ३ यार्ड. फँटसीच्या भाषेत शून्य दशांश तीन गुण. पोराचं डोकं दुखत होतं, असं मागाहून कळलं. दुखापतींच्या यादीत डोक्याचा उल्लेख नव्हता, म्हणून एनएफएलने चौकशी केली, संघाला ७५,००० डॉलर आणि स्मिथ यांना २५,००० डॉलर दंड केला. ज्यांनी आपला पहिला क्रमांक बिजानवर घालवला होता त्यांना यातलं काही मिळालं नाही. फँटसीशी आपल्याला काही देणंघेणं नाही, असं स्मिथ यांनी वारंवार सांगितलं होतं, हेही न्यायाला धरून नोंदवायला हवं. आणि तो सामना फाल्कन्स जिंकले.

ज्याच्या हाताशी डेरिक हेन्री असेल तो कोणीही कोच चेंडू हेन्रीलाच देईल, अशी शंका तुमच्या मनात डोकावेल. ती दाबून टाका. असल्या शंकेने कोचच्या स्वभावाचं सगळं शास्त्रच बुडतं.

२०२३ चा मोसम संपताच स्मिथ यांची नोकरी गेली. पुढच्या वर्षी बिजान १,४५६ यार्ड पळाला. त्या वर्षी तो तुमच्याकडे नव्हता, कारण तुम्ही धडा शिकला होतात.

३. 'पळवणारा कोच' शोधताना धावफलक झाकून ठेवा.

संघ पुढे असला की कोच पळवतो, कारण पळाल्याने घड्याळ चालू राहतं. मागे असला की पास फेकतो, कारण न झेललेला पास घड्याळ थांबवतो. त्यामुळे वर्षाअखेरीच्या आकड्यांत जिंकणारे संघ नेहमीच खूप पळालेले दिसतात. यावरून जो संघ पळतो तो जिंकतो, असं टीव्हीवरचे माजी खेळाडू सांगतील. मान डोलवा. मागच्या वर्षी चौथ्या क्वार्टरमध्ये सतरा गुणांनी पुढे असताना ज्याने पळवलं, तो यंदा सतराने मागे असतानाही पळवील, असं धरून चाला. निम्मी तयारी इथेच झाली.

४. पत्रकार परिषदा ऐका.

मुलगी पाहून गेलेल्या मंडळींनी दारात चपला घालता घालता 'कळवतो' म्हटलं की काय समजायचं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. कोचची भाषा त्याच कुळातली आहे. 'दोघांनाही संधी देऊ' म्हणजे दोघांपैकी जो तुमच्याकडे आहे त्याला नाही. 'ज्याचा हात गरम असेल तो खेळेल' म्हणजे आम्ही काही ठरवलेलं नाही. 'तो आमच्या योजनांचा फार मोठा भाग आहे' हे ऐकलंत की त्याला ताबडतोब विकायला काढा.

कोच खरं बोलला तर आणखी पंचाईत होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये शिकागो बेअर्सनी न्यू ऑर्लिन्सविरुद्ध सबंध सामन्यात फक्त ७ वेळा धावायचा डाव टाकला. एवढ्या कमी वेळा तो जुनाजाणता संघ आधी कधी धावला नव्हता. दुसऱ्या दिवशी कोच मॅट नेगी वैतागून म्हणाले, जास्त पळायला हवं हे मला कळतं, मी मूर्ख नाही. हे ऐकून सगळ्यांनी तर्क केला की ज्याला असं सांगावं लागतं तो बदलणार नाही, आणि डेव्हिड माँटगमरीला बेंचवर बसवलं. पुढच्याच रविवारी नेगींनी त्याला २७ वेळा चेंडू दिला, तो १३५ यार्ड पळाला, टचडाउनही केलं. सगळं तुमच्या बेंचवर. त्याच सामन्यात शेवटी ४३ सेकंद उरली असताना आणखी थोडं पुढे पळायचं सोडून नेगींनी गुडघा टेकवला, ४१ यार्डांवरून मारलेली किक चुकली आणि बेअर्स एका गुणाने हरले. म्हणजे पळायला हवं तिथे ते पळाले नाहीतच. तुमचा अंदाज बरोबर होता, फक्त काही तास लवकर आला.

५. आयत्या बिळावरचा नागोबा ओळखा.

तुमचा गडी ऐंशी यार्ड घाम गाळत नेईल. शेवटचा एक यार्ड उरला की त्याला बाहेर बोलावून दुसरा जाडजूड गडी आत पाठवला जाईल, आणि सहा गुण त्याचे. या प्रकारातलं अभिजात उदाहरण म्हणजे २००४ च्या मोसमातला पिट्सबर्गचा पहिला सामना. जेरोम बेटिसने पाच वेळा चेंडू घेतला, एकूण १ यार्ड कमावला आणि ३ टचडाउन केले. फँटसीत १८.१ गुण. मैदानभर राबला होता ड्यूस स्टेली.

हल्ली बीळ क्वार्टरबॅकच बळकावतो. फिलाडेल्फियात जेलन हर्ट्स चेंडू पोटाशी धरतो आणि मागून दोघंतिघं त्याला ढकलतात. २०२५ मध्ये ही ढकलाढकली बंद करायचा प्रस्ताव आला होता, पण पुरेशी मतं मिळाली नाहीत. २०२४ मध्ये सॅक्वॉन बार्कली २,००५ यार्ड पळाला. धावून केलेली टचडाउन त्याची १३, हर्ट्सची १४. तरी बार्कलीच्या मालकांनी कुरकुर करू नये, एवढे यार्ड मिळाले तर टचडाउनही मागायचे म्हणजे फार झालं.

आणि शेवटच्या यार्डावर पळणारा गडी हाताशी असला म्हणजे कोच पळवीलच, असं वाटत असेल तर फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल पाहा. सिअॅटल एक यार्डावर, २६ सेकंद, मार्शॉन लिंच उभा, आणि त्यांचे कोच पीट कॅरल यांनी पास फेकायला लावला. न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने तो मधेच झेलला. सोबत कुणी सिअॅटलकर असेल तर हा व्हिडिओ लावू नका.

६. दोन बॅक वाटून खेळवणारा कोच टाळा.

अपवाद: २००९ चं कॅरोलिना. तिथे डीअँजेलो विल्यम्स आणि जोनाथन स्टुअर्ट दोघंही अकराशेच्या वर पळाले. अपवाद कधी लागू होतो, हे मोसम संपल्यावर समजतं.

७. बिल बेलिचिक यांच्यासाठी वेगळी वही घाला.

ते २०२४ च्या आरंभी न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या हेड कोचपदावरून बाहेर पडले, पण तालीम म्हणून त्यांचा काळ अवश्य अभ्यासा. त्यांच्या दुखापतींच्या यादीत क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा उजवा खांदा वर्षानुवर्षं असायचा, आणि ब्रेडी दर रविवारी त्याच खांद्याने पास फेकायचा.

१६ नोव्हेंबर २०१४, रविवार रात्र, इंडियानापोलिस. जोनस ग्रे हा बॅक तोवर कुणाच्या खिजगणतीत नव्हता. ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नव्हतं, एनएफएलमध्ये त्याचं एकही टचडाउन नव्हतं. बेलिचिकनी त्या रात्री त्याला ३७ वेळा चेंडू दिला. सुमारे २०० यार्ड, ४ टचडाउन. फँटसीत चाळिसाच्या वर गुण, आणि ते कुणाच्याच खात्यात नाहीत, कारण तो कुणाकडे नव्हताच. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो आला. त्या आठवड्यात लोकांनी त्याच्यासाठी वेव्हरचा, म्हणजे मोकळे खेळाडू उचलण्याचा, पहिला हक्क खर्च केला, राखून ठेवलेले सगळे पैसे ओतले, चांगले खेळाडू सोडून दिले. तुम्हीही हेच करायला हवं होतं; सगळे संकेत स्पष्ट होते.

शुक्रवारी ग्रेच्या फोनचा गजर वाजला नाही. फोन बंद पडला होता. सरावाला उशीर झाला. बेलिचिकनी त्याला घरी पाठवलं आणि रविवारी डेट्रॉइटविरुद्ध एका डावापुरतंही मैदानात उतरवलं नाही. त्याच आठवड्यात पिट्सबर्गने काढून टाकलेला लगॅरेट ब्लाउंट संघात आला होता. त्याने दोन टचडाउन केले.

इथून पुढे ड्राफ्टआधी प्रत्येक बॅककडे कोणता फोन आहे आणि तो रात्री चार्जिंगला लावतो का, हे पाहून ठेवा. याहून भरवशाचा निकष आजवर कुणी दिलेला नाही.

८. रविवारची दिनचर्या आखून घ्या.

मोसम सुरू होतो त्याच सुमारास बहुधा गणपती असतात, आणि मंडळाचा कार्यक्रम शनिवारी-रविवारीच ठेवावा लागतो. कोण खेळणार नाही याची अंतिम यादी सामन्याच्या दीड तास आधी, म्हणजे अटलांटात साडेअकराला येते. हॉलमध्ये तेव्हा आरतीची तयारी सुरू असते. फोन म्यूट करा, खिशात घालू नका. आरती सांगणाऱ्याच्या मागे उभे राहा आणि बदल करायचा तो मंत्रपुष्पांजलीच्या आत उरका. नंतर प्रसादाच्या रांगेत दोन्ही हात अडकतात. बायकोने विचारलं तर ऑफिसचा सर्व्हर पडला आहे म्हणा. तिचाही संघ त्याच लीगमध्ये असेल तर मात्र खरं सांगा आणि अदलाबदलीची बोलणी तिथेच आटपून घ्या.

एवढं करूनही काही सामने रविवारी नसतात. २०२४ मध्ये बहुतेक ड्राफ्टांत पहिल्या क्रमांकावर गेलेला ख्रिश्चन मॅकॅफ्री सोमवारी रात्री खेळायचा होता. आठवडाभर कोच काइल शॅनाहन यांच्याकडून बरंच आशादायक ऐकू आलं. सामन्याच्या दीड तास आधी कळलं की तो नाही. तोवर रविवारचे सगळे सामने होऊन गेले होते, बदली घ्यायला उरले होते फक्त त्याच सामन्यातले दोन संघ. त्याच्या जागी जॉर्डन मेसन १४७ यार्ड पळाला. पायरी क्रमांक एक पुन्हा वाचा: शॅनाहनचा बॅक घ्या, नाव विचारू नका.

९. जानेवारीत वही रद्दीत द्या.

मोसम संपल्यानंतरच्या सोमवारी कोचांच्या नोकऱ्या जातात. पाच-सहा महिने ज्यांच्या मनाचा ठाव घेतलात ते आता वेगळ्या शहरात, वेगळ्या हुद्द्यावर, वेगळ्या गड्यांना घेऊन बसतील. रद्दीवाला अमेरिकेत येत नाही, त्यामुळे निळ्या डब्यात टाका.

१०. शेवटचा नंबर आला तर

तो येईल. अनेक लीगमध्ये याची शिक्षा ठरलेली असते: वॉफल हाउसमध्ये चोवीस तास बसायचं, आणि खाल्लेल्या प्रत्येक वॉफलमागे एक तास माफ. अल्फारेटकरांची इथे चैन आहे, कारण या हॉटेलांची सुरुवातच १९५५ साली अटलांटाच्या उपनगरात झाली आणि कोपऱ्याकोपऱ्यावर एक सापडतं. शुक्रवारी संध्याकाळी जाऊ नका, शनिवारी पहाटे जा. आधी थोडं जेवून जावं, ही घरच्यांची सूचना मोडून काढा. प्लगजवळचं टेबल धरा. वाढणाऱ्या मावशींना सुरुवातीलाच सगळं सांगून टाका आणि टिप भरपूर द्या. त्यांनी अशी गिऱ्हाइकं पाहिलेली असतात. पहिली चार वॉफलं पाकाशिवाय खा. पाकाने पोट लवकर भरतं.